अँजिओग्राफी स्वच्छ आली, तरी स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी का सांगतात?

बंदरवाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. हा प्रश्न माझ्या आईच्या आजाराविषयी आहे. मजकूर थोडा लांबेल, पण तपशिलांशिवाय उत्तर देणाऱ्यांना अंदाज येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आईचे वय ५६ वर्षे आहे. आम्ही हर्णै बंदराजवळ राहतो. आईने वीस-पंचवीस वर्षे बंदरावरच्या लिलावात मासळी घेतली आणि दापोलीच्या बाजारात बसून विकली. बर्फातली मासळी हाताळताना तिची बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर पडत आणि उन्हात जाऊन बसले की लालबुंद होऊन ठणकत. बर्फात हात घालणाऱ्या कोणाचीही बोटे अशीच होणार, असे आम्ही सगळे आणि ती स्वतःही धरून चाललो होतो. पुढे बोटांची कातडी ताणल्यासारखी घट्ट झाली, मुठीत पैसे धरता येईनात आणि हातातली अंगठी कापून काढावी लागली, तेव्हा मुंबईला संधिवाततज्ज्ञांना दाखवले. स्क्लेरोडर्माचे (कातडी आणि आतले अवयव ताठर करणाऱ्या आजाराचे), त्यातही मर्यादित प्रकाराचे, निदान झाले. त्याला आता नऊ वर्षे झाली. रक्तात अँटी-सेंट्रोमिअर अँटीबॉडी (या आजारात आढळणारी प्रतिपिंडे) आहेत. चेहऱ्यावर आणि तळहातांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आहेत.

गेल्या आठ महिन्यांपासून तिला चढावर दम लागतो. आमच्या घराची पाखाडी नव्वदेक पायऱ्यांची आहे. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन ती एका दमात चढत असे, आता रिकाम्या हातांनीही तीनदा थांबते. संध्याकाळी पावलांवर सूज दिसते. शिमग्यात पालखी दारात आली, तेव्हा ओटी भरायला घाईने उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती उंबऱ्यावरच बसली. त्यानंतर एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. “नळ्या स्वच्छ आहेत, हृदय ठणठणीत आहे, अशक्तपणा आहे” असे सांगून लोहाच्या आणि कॅल्शिअमच्या गोळ्या देण्यात आल्या. दम मात्र वाढतच गेला.

मुंबईच्या संधिवाततज्ज्ञांनी पुन्हा तपासण्या केल्या. फुप्फुसांच्या तपासणीत एफव्हीसी ८४ टक्के, डीएलसीओ ४६ टक्के. रक्तात एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) ६४०, युरिक अ‍ॅसिड ७.४. टू-डी एकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ६० टक्के, पण उजव्या झडपेच्या गळतीचा वेग ३.१ मीटर आणि उजव्या बाजूचा अंदाजे दाब ४६ असे लिहिले आहे. यावरून त्यांनी उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी सुचवली आहे. घरात यावरून मतभेद आहेत. माझे मामा म्हणतात की एकदा हृदयात नळी घालून सारे काही ठीक निघाले, मग पुन्हा तेच कशासाठी? मलाही याचे उत्तर नीट देता आलेले नाही. ही तपासणी खरोखर आवश्यक आहे का, एको पुन्हा करून भागणार नाही का, आणि स्क्लेरोडर्माचा हृदयाशी नेमका संबंध काय, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

वाशिष्ठी

बंदरवाट, मी चिपळूण परिसरात फिजिशियन म्हणून काम करतो. मी संधिवाततज्ज्ञ नाही आणि आपल्या मातोश्रींना तपासलेलेही नाही. त्यामुळे पुढचे विवेचन त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला समजून घेण्यापुरतेच वाचावे.

प्रथम मामांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. “नळ्या स्वच्छ आहेत” हे विधान खरे असेलच. “म्हणून हृदय ठणठणीत आहे” हे मात्र त्यातून निघत नाही. अँजिओग्राफीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या दिसतात. त्यांत चरबीचे थर साचले असतील तर ते कळतात. स्क्लेरोडर्माचा रोख बहुधा या मोठ्या धमन्यांकडे नसतो. तो केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांवर चालून येतो, आणि त्या अँजिओग्राफीच्या पडद्यावर उमटतच नाहीत.

आपण बर्फाचा उल्लेख केला आहे, तो धागा धरू. थंडीने बोटांच्या वाहिन्या आखडतात आणि बोटे पांढरी पडतात, या प्रकाराचे वर्णन मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात केले होते, म्हणून त्याला रेनोचे नाव आहे. स्क्लेरोडर्मात ही आखडण्याची खोड बोटांपुरती राहत नाही. वाहिन्यांचे आतले अस्तर हळूहळू जाड होत जाते, पोकळी अरुंद होते आणि सभोवती तंतुमय ऊती साचते. हे फुप्फुसांतल्या धमन्यांत घडले तर त्यांतला दाब वाढतो. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक वाहिन्यांत घडले तर स्नायूत ठिकठिकाणी व्रणासारखे डाग पडतात, आणि त्यातून हृदय ताठर होणे, ठोके चुकणे किंवा विद्युत्‌संदेशाच्या वाटेत अडथळा येणे असे प्रकार उद्भवतात. हृदयावरणात पाणीही साचू शकते. हे प्रकार एकाच रुग्णात एकत्र असू शकतात, पण सगळ्याच रुग्णांत काही ना काही होतेच असे मुळीच नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपण दिलेले आकडे मला पहिल्या प्रकाराकडे, म्हणजे फुप्फुसीय धमनीच्या दाबाकडे, बोट दाखवणारे वाटतात. एफव्हीसी म्हणजे फुप्फुसात हवा किती मावते आणि बाहेर पडते, आणि डीएलसीओ म्हणजे त्या हवेतला वायू रक्तात किती सहज उतरतो. भाता ठीक आहे पण आग पेटत नाही, अशी ही स्थिती आहे. हवा पुरेशी येते, पण ती उचलून घेणारे रक्तवाहिन्यांचे जाळे विरळ झाले आहे. ८४ ला ४६ ने भागले तर १.८ येतात. हे गुणोत्तर १.६ च्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. त्यात लाल ठिपके, अँटी-सेंट्रोमिअर, वाढलेले एनटी-प्रोबीएनपी आणि युरिक अ‍ॅसिड यांची भर पडली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘डिटेक्ट’ नावाची जी चाळणी आहे, ती नेमक्या याच गोष्टी आणि ईसीजीतील उजवीकडे झुकलेला अक्ष विचारात घेते, आणि त्यातून पुढे जाणाऱ्यांचा एको पाहून कॅथेटर तपासणीचा निर्णय करते. आजाराला तीन वर्षे उलटलेल्या आणि डीएलसीओ ६० टक्क्यांखाली असलेल्या रुग्णांसाठीच ती बेतलेली आहे. आपल्या संधिवाततज्ज्ञांनी मनाने काही काढलेले नाही. त्यांनी रीतसर पायऱ्या चढल्या आहेत.

आता एको पुन्हा करून का भागत नाही ते सांगतो. एकोमध्ये दाब मोजला जात नाही, झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून त्याचा अंदाज बांधला जातो, आणि तो खऱ्या दाबापेक्षा वर किंवा खाली चुकू शकतो. पण त्याहून मोठे कारण वेगळे आहे. एकोवरचे ४६ हे तीन निरनिराळ्या कारणांनी येऊ शकतात. फुप्फुसातल्या धमन्या स्वतः अरुंद झाल्या असतील, फुप्फुस तंतुमय होऊन आकसले असेल, किंवा हृदयाची डावी बाजू ताठर होऊन रक्त मागे तुंबले असेल. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. पहिल्या कारणावर धमन्या सैल करणारी जी औषधे दिली जातात, तीच तिसऱ्या कारणात दिली तर फुप्फुसात पाणी साचण्याचा धोका असतो. कॅथेटर तपासणीत फुप्फुसीय धमनीतला सरासरी दाब आणि डाव्या बाजूच्या दाबाचा निदर्शक असलेला वेज दाब हे दोन्ही प्रत्यक्ष मोजले जातात, त्यावरून वाहिन्यांचा रोध काढता येतो. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर, वेज दाब १५ किंवा त्याहून कमी आणि रोध २ वुड युनिटच्या वर असेल, तर दोष धमन्यांचा मानतात. पूर्वी सरासरी दाबाची ही मर्यादा २५ होती.

आणि मामांना हेही सांगा की ही नळी ‘तीच’ नव्हे. अँजिओग्राफीची नळी धमनीतून जाते. ही मानेच्या, हाताच्या किंवा जांघेच्या शिरेतून उजव्या कप्प्यांत आणि तिथून फुप्फुसीय धमनीत जाते. ती जागा तेवढी बधिर करतात आणि रुग्ण जागा असतो. शरीरात नळी घालण्याच्या कोणत्याही प्रक्रियेत असतो तसा थोडा धोका येथेही असतो, पण अनुभवी केंद्रात तो कमी असतो.

स्क्लेरोडर्माच्या साधारण दहापैकी एका रुग्णाला हा धमनीदाबाचा विकार होतो. युरोपातील स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या युस्टार नोंदणीच्या २०१० सालच्या विश्लेषणात, थेट या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३५ टक्के फुप्फुसांच्या तंतुमयतेने, २६ टक्के फुप्फुसीय धमनीदाबाने आणि आणखी २६ टक्के हृदयाच्या इतर कारणांनी झाले होते. हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. चढावर लागणाऱ्या दमाला ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देणे या आजारात का परवडत नाही, ते त्यावरून स्पष्ट व्हावे.

तेरेखोल

बंदरवाट, तुमच्या आईंचे वर्णन वाचताना मला माझीच सहा वर्षांपूर्वीची गोष्ट वाचल्यासारखे वाटले. मी सावंतवाडीजवळ राहते, वय ४९, उपचार बांबोळीला चालू आहेत. माझ्याही बाबतीत दोन वर्षे ‘वय झाले, वजन कमी करा’ यात गेली.

कॅथेटर तपासणीची मला फार धास्ती वाटत होती, म्हणून प्रत्यक्ष काय होते तेवढे लिहिते. मानेच्या बाजूला सुई टोचताना दुखले, त्यानंतर फक्त दाबल्यासारखे वाटत राहिले. नळी आत जाताना दोन-तीन ठोके अडखळल्यासारखे झाले, ते त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. पाऊण तासात मी बाहेर होते. खरा त्रास त्या खोलीतल्या एसीचा झाला. माझी बोटे काळीनिळी पडली. आईंना लोकरीचे हातमोजे आणि पायमोजे घालूनच पाठवा, आणि रेनोचा त्रास आहे हे तिथल्या परिचारिकांना आधीच सांगून ठेवा.

त्याच कारणाने आणखी एक गोष्ट सांगते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत माझ्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरने ७८ दाखवले आणि सगळ्यांची धावपळ उडाली. बोटात रक्तच फिरत नसेल तर ते यंत्र काय मोजणार? कपाळाला लावायचा सेन्सर आणला तेव्हा तोच आकडा ९३ आला. घरी ऑक्सिमीटर विकत घेतला असेल तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

आता औषधांविषयी लिहिते, कारण याची कोणी आगाऊ कल्पना देत नाही. मला सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलेच औषध, दिवसातून तीनदा घ्यावे लागते. माझे यजमान चिठ्ठी घेऊन दुकानात गेले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा हसला आणि मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी मान वळवली. यजमान संकोचाने औषध न घेताच परत आले. हे औषध फुप्फुसांच्या धमन्या सैल करते, म्हणून बायकांनाही आणि पुरुषांनाही याच विकारासाठी देतात, हे मी नंतर स्वतः जाऊन त्या मुलाला शांतपणे सांगितले. दुसरे औषध बोसेंटान. त्यासाठी दर महिन्याला यकृताची रक्ततपासणी करावी लागते आणि तरुण स्त्रियांना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी लिहिते. सिल्डेनाफिल किंवा त्याच्या जातीची गोळी चालू असताना सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेट जातीची गोळी) चालत नाही. आपल्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या खिशात ती गोळी असते आणि छातीवर हात गेलेला दिसला की ती दुसऱ्याच्या जिभेखाली ठेवण्याची तत्परताही असते. मागे कुडाळला एका लग्नात जेवणानंतर माझ्या छातीत जळजळ झाली. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका ढिली पडून आम्ल वर येते, आणि त्या दिवशी सोलकढी अंमळ जास्तच झाली होती. एका पाहुण्यांनी धावत येऊन माझे तोंड उघडायला सांगितले. लेकीने त्यांचा हात धरला म्हणून वाचले. दोन्ही औषधांनी रक्तदाब एकदम कोसळतो, असे डॉक्टरांनी तिला बजावून ठेवले होते.

आणि मीठ. हे आपल्या माणसांना सांगणे म्हणजे कठीणच. सुकट, खारवलेले बांगडे, पापड, मिठातल्या कैऱ्या हे सारे मी ताटातून उचलले. पेजेबरोबर लोणच्याची फोड नाही, याची चुटपुट अजून लागते. रोज सकाळी वजन करते, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साचते आहे असे समजून डॉक्टरांना फोन करते.

खाडीपलीकडे

सर्वांचे अनुभव वाचले. विरोधासाठी विरोध करायचा नाही, पण इतक्या तपासण्या आणि इतके आकडे यांमुळे रुग्णच खचून जातो, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझ्या चुलत सासूबाईंना हाच आजार होता. त्यांना आमच्या भागातील एका गृहस्थांकडच्या पुड्या सुरू केल्यावर महिन्याभरात अंग मोकळे झाले, भूक लागू लागली, चेहरा भरला. पुढे सात-आठ महिन्यांनी त्यांना अचानक डोकेदुखी आणि धाप सुरू झाली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यात त्या गेल्या, पण तोवर त्यांचे दिवस समाधानात गेले. आईंच्या बाबतीत निदान एकदा तो पर्याय पाहायला काय हरकत आहे?

वाशिष्ठी

खाडीपलीकडे, आपल्या घरातील दुःखाविषयी मनापासून सहवेदना. तपासण्यांनी माणूस खचतो हे मला मान्य आहे आणि ते आम्हा डॉक्टरांना नेहमीच दिसते असेही नाही. तरीही आपल्या पुड्यांच्या सूचनेला उत्तर देणे भाग आहे, कारण हे वाचून दुसरा कोणी तसे करून पाहील.

आपल्या सासूबाईंच्या बाबतीत नेमके काय घडले, हे त्यांना न पाहता कोणालाच सांगता येणार नाही. परंतु महिन्यात अंग मोकळे होणे, भूक वाढणे आणि चेहरा भरणे हे तिन्ही बदल स्टेरॉईडने होतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असण्याची शंका म्हणूनच घ्यावी लागते. स्क्लेरोडर्मात स्टेरॉईड हे जपून वापरायचे औषध आहे. प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर गेली, तर या आजारात मूत्रपिंडांवर अचानक संकट कोसळण्याचा धोका वाढतो. हा धोका कातडी वेगाने आणि सर्वांगभर ताठर होत जाणाऱ्या प्रकारात, आणि तोही पहिल्या काही वर्षांत, सर्वांत जास्त असतो. रक्तदाब काही दिवसांत भडकतो, डोके दुखते, दृष्टी धूसर होते, आणि त्या दाबापुढे हृदय थकून फुप्फुसात पाणी भरते. घरच्यांना दिसतो तो फक्त दम, म्हणून धाव हृदयरोगतज्ज्ञांकडे घेतली जाते, मूळ मात्र मूत्रपिंडात असते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल आणि त्याच्या वर्गातील औषधे येईपर्यंत या संकटातून रुग्ण क्वचितच वाचत. आज वेळेत ओळखले तर अनेकजण वाचतात, आणि ओळखायला घरातले साधे रक्तदाबाचे यंत्र पुरते. अशा रुग्णांनी ते आठवड्यातून दोन-तीनदा तरी वापरावे, आणि नेहमीपेक्षा वरचा आकडा ३० ने वाढलेला दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

ज्यांच्या पुड्या आधीच चालू आहेत, त्यांनी हे वाचून त्या एकदम बंद करू नयेत. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉईड अचानक थांबवणेही घातक असते. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि लपवू नये. आम्ही रागावलो तरी ऐकून घ्यावे.

चिरेबंदी

तेरेखोलताईंचा आणि डॉक्टरांचा भर फुप्फुसांच्या दाबावर आहे, आणि प्रश्नकर्त्यांच्या आईंसाठी तो योग्यच आहे. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत मात्र हृदयाचा स्नायूच धरला गेला, म्हणून ती बाजूही नोंदवतो.

आम्ही राजापूर तालुक्यातले. भाऊ ३८ वर्षांचा, बारा वर्षे चिरेखाणीवर कटिंग मशीन चालवत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत धुळीविषयी विचारले, तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटले. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या पुरुषांत हा आजार जास्त आढळतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतल्या कामगारांत तो १९५७ मध्येच नोंदवला गेला होता, असे त्यांनी सांगितले. भावाचा आजार धुळीनेच झाला असे ते म्हणाले नाहीत, जांभ्याच्या धुळीत सिलिका किती असते हेही आम्ही कधी तपासून घेतले नाही. पण खाणीवर मास्क लावणाऱ्या माणसाला इतर कामगार हसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याचा स्क्लेरोडर्मा सर्वांगी प्रकारचा. दीड वर्षातच मांड्यांतली ताकद गेली, पाटावरून उठता येईना. मग रात्री छातीत धडधडून जाग येऊ लागली आणि एकदा आंघोळीला जाताना तो शुद्ध हरपून पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे ठीक, ईसीजी ठीक. असे तीनदा झाले. ईसीजीचा कागद फक्त काही सेकंदांची हकीकत सांगतो, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते. अखेर चोवीस तास ठोक्यांची नोंद करणारे होल्टर यंत्र लावले. त्यात पहाटे ठोके चार-चार सेकंद थांबत असल्याचे उघड झाले. रक्तात सीपीके आणि ट्रोपोनिन हे स्नायूंची इजा दाखवणारे दोन्ही घटक वाढलेले होते. या आजारात मांडीच्या स्नायूला दाह झाला असेल तर हृदयाच्या स्नायूचीही चौकशी करावी लागते, असे तेव्हा समजले.

पुढे हृदयाचा एमआरआय झाला. शिरेतून गॅडोलिनिअम देऊन काढलेल्या त्या चित्रांत स्नायूत जागोजागी पांढरे पट्टे दिसले, आणि ते कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नव्हते. त्याचीही अँजिओग्राफी अगदी स्वच्छ होती. पेसमेकर बसवला, मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू झाले. आमच्या डॉक्टरांनी एमआरआय पेसमेकरच्या आधी उरकून घेतला, कारण नंतर चित्रे नीट मिळणे अवघड जाते. ज्यांना दोन्ही सांगितले असतील त्यांनी क्रमाविषयी जरूर विचारावे.

गोळ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी. आम्लपित्तासाठी सर्रास मिळणाऱ्या काही कॅप्सुलांत पँटोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन असते. ठोक्यांचा दोष असलेल्यांना डोम्पेरिडोनने त्रास वाढू शकतो, म्हणून भावाला नुसते पँटोप्राझोल दिले. आणि धडधड थांबावी म्हणून एका ठिकाणी प्रोप्रॅनोलोल हे ठोके मंद करणारे बीटा ब्लॉकर औषध सुरू केले होते, त्याने बोटांचा रेनो इतका भडकला की एका बोटाच्या टोकाला जखम झाली. हृदयासाठी बीटा ब्लॉकर लागतच असतील तर डॉक्टर ते देतात, पण रेनो आहे हे त्यांना माहीत असले पाहिजे, आणि आपल्या रुग्णाच्या हातांकडे पाहूनही ते सगळ्यांनाच उमगते असे नाही.

बंदरवाट

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मधल्या काळात तपासणी झाली.

मामांना मी डॉक्टरांचे पहिले उत्तर जसेच्या तसे वाचून दाखवले. तीन कारणांचा एकच आकडा आणि तिन्हींची औषधे वेगळी, हा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग खेड स्टेशनापर्यंत सोडायला स्वतः रिक्षा घेऊन आले. हातमोजांची सूचना फार उपयोगी पडली. आईच्या म्हणण्याप्रमाणे तपासणीपेक्षा गाडीतल्या प्रवासाचाच त्रास जास्त झाला.

फुप्फुसीय धमनीतला सरासरी दाब ३४, वेज दाब ११ आणि रोध ५.५ वुड युनिट निघाला. म्हणजे दोष डाव्या बाजूचा नाही. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये तंतुमयता अगदी थोडी, दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी. अँब्रिसेंटान (बोसेंटानच्या जातीचे) आणि टाडालाफिल (सिल्डेनाफिलच्या जातीचे) ही दोन औषधे एकत्र सुरू केली आहेत. अँब्रिसेंटानने पायांची सूज सुरुवातीला वाढू शकते असे सांगितले होते, तशी ती थोडी वाढली आणि लघवीच्या गोळीने उतरली. चिरेबंदी यांचे वाचून मी होल्टरविषयी विचारले. ते लावले, त्यात काळजीचे काही आढळले नाही. एको, फुप्फुसांची तपासणी आणि एनटी-प्रोबीएनपी ठरावीक काळाने पुन्हा होतील.

पाखाडी ती अजून दोनदा थांबूनच चढते. लिलावाला जाणे बंद केले आहे. बर्फाला हात लावायचा नाही हे तिने मान्य केले, पण मासळी निवडणारी सून भाव नीट करते की नाही याची फोनवरून चौकशी चालूच असते.

तेरेखोलताईंच्या लग्नातल्या प्रसंगावरून मी एक कार्ड तयार करून आईच्या बटव्यात ठेवले आहे. त्यावर आजाराचे नाव, दोन्ही औषधांची नावे आणि “जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू नये” असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. शेजारच्या रिक्षावाल्या दादांना आणि आमच्या गावातल्या डॉक्टरांनाही एकेक प्रत दिली. त्यात आणखी काही लिहायला हवे का?

वाशिष्ठी

होय, एक ओळ वाढवा. शेवटची गोळी कधी घेतली ते सांगितल्याशिवाय रुग्णालयातील डॉक्टरांना निर्णय करता येत नाही. सिल्डेनाफिल असेल तर नायट्रेटसाठी किमान २४ तास थांबावे लागते, टाडालाफिल शरीरात जास्त वेळ टिकते म्हणून ४८ तास. मातोश्री टाडालाफिल घेतात, तेव्हा कार्डावर ‘४८ तास’ असे स्पष्ट लिहावे, आणि गोळी रोज ठरलेल्या वेळीच घ्यावी, म्हणजे त्या बोलू शकल्या नाहीत तरी घरातले कोणीही ती वेळ सांगू शकेल.